"आयांनाही मिरवायला बरं वाटतं" असं लिहिणाऱ्या वाचकाला उत्तर

आमच्या तालुक्यातली माजी सैनिक संघटना शहीद जवानांच्या मुलांसाठी काय करते, त्या लेखावर एका वाचकांनी कमेंट टाकलीय. म्हणणं थोडक्यात असं की मुलांचा सगळा खर्च सरकार करतं, संघटनावाले नुसत्या वह्या वाटून फोटो काढतात, हिशोब कोणी दाखवत नाही, आणि "आयांनाही स्टेजवर मिरवायला बरं वाटतं."

सर, बाकीचं नंतर बघू, आधी हे शेवटचं वाक्य. तुम्ही नाव न लावता लिहिलंत, असू दे, पण आपण कोणाबद्दल बोलतोय याचा काही विचार? माझी मामी त्या स्टेजवर बसलेली आहे. मामा कारगिलला शहीद झाला तेव्हा मामेबहीण बालवाडीत होती. 26 जानेवारीचं बोलावणं आलं की मामी साधी साडी नेसून जायची, कडेच्या खुर्चीत बसायची, नाव पुकारलं की उठून शाल-नारळ घ्यायची आणि मान खाली घालून परत जागेवर. घरी आली की शाल ट्रंकेत, परत कधी घडी मोडली नाही. ह्याला मिरवणं म्हणायचं? आपला सातारा जिल्हा आहे हो, अपशिंगे मिलिटरीत पहिल्या महायुद्धात पडलेल्या 46 जणांचं स्मारक उभं आहे, इथल्या माणसाला वीरपत्नीबद्दल कसं बोलावं हे सांगावं लागतंय याचंच वाईट वाटतं.

आणि ती जायची का, तर संघटनेतली माणसं तिथे भेटायची म्हणून. माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून रिटायर झाले, नंतर संघटनेचं काम बघायचे, त्यामुळे हे मी घरात बसून बघितलंय. मामीचं माहेरचं नाव वेगळं, लग्नात बदललेलं नाव वेगळं, रेकॉर्डला एक, बँकेत दुसरं, आणि पोरीच्या दाखल्यावर आईचं नाव तिसऱ्याच स्पेलिंगने. एवढ्यावर फॉर्म अडतो. मग वडील अॅफिडेव्हिट करून घ्यायचे, बेळगावला रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहायचे, उत्तर नाही आलं तर स्वतः एसटीने जायचे. एका वर्षी शाळेने आधी फी भरा सांगितलं, तर संघटनेतले चारजण पेन्शनच्या दिवशी बँकेच्या दारात उभे राहिले आणि येईल त्या माजी सैनिकाकडून जमेल तेवढे घेतले. त्याचा एकही फोटो नाही.

सरकार देतं, कोण नाही म्हणतंय! 1971 च्या युद्धानंतर फी माफीची सवलत सुरू झाली ती आजही आहे. पण 2017 मध्ये त्याच सवलतीवर ट्यूशन आणि हॉस्टेल मिळून महिन्याला 10,000 ची मर्यादा घातली होती हे आठवतंय का? माजी सैनिकांनी आणि सैन्यदलांनी आवाज उठवला तेव्हा मार्च 2018 ला ती काढली. तेव्हा तुम्ही कुठे लिहिलं होतंत का काही? आणि ही सवलत शाळा-कॉलेजच्या खर्चाची, बारावीच्या खाजगी क्लासची फी त्यात बसत नाही, आणि वडील नसलेल्या पोराला कोणत्या साइडला जावं हे सांगणारं माणूस कोणत्या जीआरमधून येणार?

एक मात्र तुमचं बरोबर आहे, वह्यांच्या कव्हरवर पुढाऱ्याचा फोटो छापू नये आणि पोरांना उन्हात ताटकळत ठेवून भाषणं करू नयेत, हे मलाही पटतं आणि मी तिथे बोललोय.

हिशोबाचं म्हणाल तर संस्था रजिस्टर आहे, ऑडिट होतं, ऑफिसात जाऊन मागा, चहा पण देतील. संघटनेच्या निवडणुका, जागेचा वाद वगैरे जे लिहिलंय त्याचा या मुलांशी संबंध नाही, त्यात मी पडत नाही.

मामेबहीण आज नर्स आहे, तिने तुमची कमेंट वाचली आणि मला फोन केला, म्हणून एवढं लांबलचक लिहिलं, नाहीतर सोडून दिलं असतं. कमेंट मी डिलीट करणार नाही. संघटनेवर हवी तेवढी टीका करा, प्रत्येक प्रश्नाला उत्तर देईन, पण ते आयांबद्दलचं वाक्य तेवढं तुम्ही स्वतः काढा.