वस्तीत शांतता नको असेल तर एवढं करा

तर मंडळी, वस्तीत रोज चाकू निघतायत, लोक ओरडतायत आणि खुर्चीवर तुम्ही आहात. घाबरू नका. आधी चौकात पोलिसांची गाडी उभी करा, निळा दिवा चालू ठेवून, फोटो झकास येतो. फक्त गाडीतला माणूस सारखा बदलत ठेवा. नाहीतर त्याला पोरांची नावं पाठ होतील, मग भांडण पेटायच्या आधीच तो जाऊन पोराच्या आईला सांगेल, आणि मग केस कुठली व्हायची?

मग झडत्या. न्यूयॉर्कमध्ये 2011 साली पोलिसांनी रस्त्यात लोकांना तब्बल 6 लाख 85 हजार वेळा अडवलं आणि दहातल्या जवळपास नऊ वेळा ना अटक ना समन्स, नुसते खिसे चाचपून 'चल निघ'. कामाचा आकडा म्हणजे असा पाहिजे! 2013 ला कोर्टाने ही पद्धत जशी चालली होती तशी घटनाबाह्य ठरवली, 2014 मध्ये अडवाअडवी 50 हजारांच्या खाली आली, आता खून धडाधड वाढायला हवे होते की नाही? 2011 ला पाचशेच्या वर होते ते 2014 ला साडेतीनशेच्या आत आले. हे मीटिंगमध्ये काढू नका प्लीज, उगाच लोकांची तोंडं बघावी लागतात.

एवढ्यात कोणीतरी शहाणा उठणार आणि म्हणणार, पोरांना काम द्या. त्याच्याकडे शिकागोचं उदाहरण असतंच. 2012 च्या उन्हाळ्यात, जिथे हिंसाचार जास्त अशा 13 शाळांमधल्या पोरांची लॉटरी काढली आणि ज्यांची लागली त्यांना काम दिलं: 8 आठवडे, आठवड्याला 25 तास, किमान वेतन, आणि जोडीला मार्गदर्शनासाठी एक मोठं माणूस. पुढच्या 16 महिन्यांत हिंसक गुन्ह्यांतल्या अटका, लॉटरी न लागलेल्यांपेक्षा 43 टक्के कमी. आणि त्यातली बरीचशी घट काम संपल्यावरची, म्हणजे पोरं बिझी होती म्हणून गप्प बसली असंही म्हणता येत नाही (हे जरा वाईटच झालं). पण तुम्ही लगेच विचारा, चोऱ्या कमी झाल्या का? नाही झाल्या, खरंच नाही. झालं तर मग, योजना फेल!

तरीही गळ्यात पडलीच तर चालवून मारा. दक्षिण आफ्रिकेत एक सरकारी योजना आहे, आठवड्याला दोन दिवस काम, वर्षभर, आणि काय काम करायचं हे वस्तीतलेच लोक सांगतात, मग कुठे ज्या झुडपांत लपून हल्ले होतात तीच छाटतात. असलं काही होऊ देऊ नका. काम वरून ठरवा, यादीत आपलेच कार्यकर्ते घुसवा आणि पगार तीन महिने लटकवा, म्हणजे ज्या पोराने मोठ्या मुश्किलीने गँग सोडली तो उधारीसाठी परत तिथेच जाईल, आणि मग तुम्ही म्हणायला मोकळे की 'या पोरांना कामच नको असतं हो'. कामावर बायकाच जास्त दिसल्या तर हसून सोडून द्या, पोरांना नेमकं का येता येत नाही हे विचारायच्या भानगडीत पडू नका.

आणि हो, मेन राहिलंच. काम करणाऱ्या बायका आणि चौकीतला हवालदार यांना एका टेबलाशी बसू देऊ नका. कुठला रस्त्याचा दिवा कधीपासून बंद आहे ते बायकांना माहीत, कुठे किती वाजता मारामारी होते ते हवालदाराला, दोघं बोलले की आठवड्यात दिवा दुरुस्त. आणि एकदा तो लागला की तुमच्या फोटोतला निळा दिवा काय उठून दिसणार, कप्पाळ!