राखेच्या माथी मारलेल्या भेगा

"राखेचं सिमेंट वापरलंत ना साहेब, मग भेगा पडायच्याच." हे वाक्य या उन्हाळ्यात मी चौथ्यांदा ऐकले आणि यापुढे ते निमूटपणे ऐकून घेण्याची माझी तयारी नाही. बांधकामांवर देखरेख करणे हाच माझा व्यवसाय असल्यामुळे असली कारणे मला नवीन नाहीत. पण या वेळी भेगा पडल्या त्या माझ्या धाकट्या भावाच्या घराच्या स्लॅबला, आणि ज्याच्या हलगर्जीपणामुळे त्या पडल्या तोच ठेकेदार मला फ्लाय ॲशचे, म्हणजे सिमेंटमध्ये मिसळल्या जाणाऱ्या औष्णिक वीजकेंद्रातल्या कोळशाच्या राखेचे, दुष्परिणाम समजावून सांगत होता.

एप्रिल महिना, जळगावचे ऊन आणि वर सुटलेला कोरडा वारा. पहाटे सुरू व्हायचे काम मिक्सर उशिरा आल्यामुळे अकरा वाजता सुरू झाले. मी तिथे पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि मिक्सरवरचा माणूस माल लवकर सरकावा म्हणून प्रत्येक खेपेला अर्धी बादली जादा पाणी ओतत होता. सकाळी टाकलेल्या भागावरची ओल तोवर पार उडाली होती आणि तिथे बोटभर लांबीच्या, नखाचे टोक जाईल इतक्या रुंद भेगा एकमेकींना समांतर उमटू लागल्या होत्या. मी आदल्या दिवशी आणून ठेवलेली तरटे दोरी न सोडता जिन्याखाली तशीच पडून होती.

यात राखेचा दोष कोणता? फ्लाय ॲशमुळे काँक्रीट थोडे सावकाश घट्ट होते, त्यामुळे ओल्या स्लॅबला उन्हावाऱ्यापासून जास्त वेळ जपावे लागते, एवढे खरे आहे. पण जपायचे कोणी? बाष्पीभवनाने पृष्ठभाग आक्रसत असताना वर साधे प्लास्टिकही न अंथरणाऱ्या माणसाला गोणीवर बोट ठेवण्याचा काय अधिकार?

सिमेंट आणि पाण्याच्या अभिक्रियेतून चुना मोकळा होतो आणि राखेतली सिलिका त्याच चुन्याशी हळूहळू संयोग पावून नवा बंधक पदार्थ तयार करते, जो काँक्रीटमधली सूक्ष्म छिद्रे भरत जातो. ही अभिक्रिया अनेक आठवडे चालते, पण आत ओल असेल तरच. मानकातले आकडेही हेच सांगतात. ५३ ग्रेडच्या साध्या सिमेंटची किमान ताकद तिसऱ्या दिवशी २७ मेगापास्कल असावी लागते, तर १५ ते ३५ टक्के राख असलेल्या पीपीसीची, म्हणजे राखमिश्रित सिमेंटची, तिसऱ्या दिवशी १६, सातव्या दिवशी २२ आणि अठ्ठाविसाव्या दिवशी ३३. म्हणजे पीपीसीची सातव्या दिवसाची मर्यादासुद्धा ५३ ग्रेडच्या तिसऱ्या दिवसाच्या मर्यादेपेक्षा कमी आहे, आणि तरीही आमच्या ठेकेदाराने पाचव्या दिवशी टेकू काढले, कारण सेंट्रिंगचे सामान त्याला दुसऱ्या साइटवर हवे होते! आधारांमधले अंतर साडेचार मीटरपर्यंत असलेल्या स्लॅबखाली साध्या सिमेंटसाठीसुद्धा आयएस ४५६ हे काँक्रीटच्या कामाचे भारतीय मानक टेकू सात दिवस ठेवायला सांगते आणि इतर सिमेंटसाठी ही मुदत परिस्थितीनुसार बदलायला सांगते.

क्युरिंगची, म्हणजे काँक्रीट ओले ठेवण्याची, कथा तर याहून संतापजनक आहे. मिश्र सिमेंटच्या काँक्रीटला १४ दिवस ओले ठेवण्याची शिफारस त्याच मानकात आहे. आमच्याकडे सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा पाइप फिरवला जात असे, तासाभरात स्लॅब पांढरा पडत असे, आणि सहाव्या दिवशी तेही बंद झाले. आळी बांधून पाणी साठवायला मी तीनदा सांगितले होते.

काँक्रीट वाळताना जे आक्रसते ते मुख्यतः त्यातल्या पाण्याच्या प्रमाणावर ठरते. राखेचे कण गोल असल्यामुळे तेवढाच सरकता माल कमी पाण्यात मिळतो, म्हणून नीट क्युरिंग केलेल्या राखमिश्रित काँक्रीटचे आक्रसणे साध्या काँक्रीटइतकेच किंवा किंचित कमी असते. मानकानुसार हिशेबाला ०.०००३ एवढे आक्रसणे धरतात, म्हणजे १० मीटर लांबीला ३ मिलिमीटर. अर्ध्या अर्ध्या बादल्यांनी हा आकडा वाढतो आणि ताकद घटते. घाटघरच्या रोलर-कॉम्पॅक्टेड, म्हणजे रोलरने दाबून बसवलेल्या, काँक्रीटच्या धरणांत हीच राख मोठ्या प्रमाणात वापरली आहे. राख इतकी वाईट असती तर धरणात कोणी घातली असती का?

भेगांवर आता सिमेंटचे पाणी ओतून वर झाडू फिरवला आहे आणि त्याला दुरुस्ती म्हणतात. शेजारच्या प्लॉटवर पुढच्या आठवड्यात स्लॅब आहे. राखेच्या धास्तीने त्यांनी ५३ ग्रेडच्या गोण्या मागवल्या आहेत आणि ठेकेदार मात्र तोच ठेवला आहे. काल मी स्वतः जाऊन त्या काकांना सांगितले की काम पहाटे सुरू करा, पाण्याची बादली मिक्सरपासून लांब ठेवा आणि संध्याकाळपर्यंत कोणाचेही ऐकू नका. जिन्याखालची ती तरटे मी त्यांच्या ओट्यावर ठेवून आलो आहे, दोरी सोडून.