करंट लिमिट वाढवल्याने बिघाड दूर होत नाही

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या मुलांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरत आहे : सर्व्हो ड्राइव्ह (मशीनची मोटर नियंत्रित करणारे उपकरण) ओव्हरलोडवर ट्रिप होत, म्हणजे आपोआप बंद पडत, असेल तर करंट लिमिट (मोटरला द्यायच्या करंटची कमाल मर्यादा) थेट 300 टक्के करावी, कारण कंपनी ती मुद्दाम कमी ठेवते, गेन (चूक दिसताच ड्राइव्ह किती जोराने ती सुधारते त्याचे माप) जितका जास्त तितकी अचूकता जास्त, आणि ऑटो-ट्यूनिंग (ड्राइव्हने गेन आपोआप ठरवणे) निरुपयोगी आहे. खानापूरहून रोज कामाला येणाऱ्या माझ्या भाच्याने तो खरा मानला, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

पहिला सल्ला सर्वांत घातक आहे. मोटरच्या पाटीवरचा रेटेड करंट, म्हणजे सतत झेपणारा करंट, कंपनीच्या मर्जीने ठरत नाही. आयईसी 60034-1 या आंतरराष्ट्रीय मानकानुसार मोटर सतत चालवली तरी वाइंडिंगचे (तारेच्या गुंडाळ्यांचे) तापमान इन्सुलेशनच्या वर्गाला झेपेल इतकेच राहावे लागते, आणि एफ वर्गासाठी ती मर्यादा 155 अंश सेल्सिअस आहे. तांब्यातील उष्णता करंटच्या वर्गाच्या (स्क्वेअरच्या) प्रमाणात वाढते, म्हणजे दीडपट करंटला सव्वादोन पट आणि तिप्पट करंटला नऊपट. अनेक सर्व्हो मोटरना तिप्पट करंट चालतो हे खरे, पण तो वेग घेतानाच्या काही क्षणांपुरता. शिवाय ओव्हरलोडचे संरक्षण करंट आणि वेळ या दोन्हींचा हिशेब ठेवते, त्यामुळे लिमिट वाढवल्यास अडकलेल्या अक्षावर (मशीनच्या सरकणाऱ्या भागावर) ड्राइव्ह उलट लवकर ट्रिप होईल. मग कोणीतरी पॅरामीटरमधला मोटरचा रेटेड करंटच खोटा भरतो आणि संरक्षण आंधळे होते. जळलेली मोटर रिवाइंड करता येते, म्हणजे नवी तार गुंडाळून. उष्णतेने आणि अतिकरंटने उतरलेले रोटरचे (फिरणाऱ्या भागाचे) चुंबकत्व रिवाइंडिंगने परत येत नाही.

गेनबद्दलचे विधान अर्धे खरे आहे, एवढे मान्य करावे लागते. पोझिशन गेन दुप्पट केला तर, फीडफॉरवर्ड (हुकूम आधीच ओळखून दिलेली भर) नसताना, त्याच वेगाला फॉलोइंग एरर (हुकमाच्या जागेपेक्षा अक्ष मागे राहण्याचे अंतर) निम्मी होते. पण आतले करंट आणि वेगाचे लूप (नियंत्रणाची वर्तुळे) आधी नीट बसलेले नसतील तर अक्ष हंटिंग करू लागतो, म्हणजे पुढेमागे थरथरतो, आणि कास्टिंगच्या पृष्ठभागावर लाटा उमटतात. बॉल स्क्रूचा (अक्ष सरकवणाऱ्या स्क्रूचा) बॅकलॅश, म्हणजे ढिलेपणा, तर कोणत्याही गेनने जात नाही.

ऑटो-ट्यूनिंग निरुपयोगी नाही. सुरुवातीचा अंदाज त्यातून चांगला मिळतो.

ट्रिप आल्यावर कटिंग न करता अक्ष सावकाश जॉग करावा (हाताने बटण दाबून सरकवावा) आणि ड्राइव्हवरील लोडची टक्केवारी पाहावी. ती तेव्हाही जास्त असेल तर वंगण, घट्ट झालेली जिब (स्लाइडचा ढिलेपणा काढणारी पट्टी), स्लाइडमध्ये शिरलेली बिडाची पूड आणि उभ्या अक्षाचा न सुटणारा ब्रेक आधी तपासावा. उभ्या अक्षाची मोटर सोडवण्यापूर्वी मात्र त्या अक्षाला खालून भक्कम टेकू द्यावा.