पार्सल मिळाले नाही, हे मी सिद्ध कसे करायचे?

आज दुपारी कार्यालयात डबा उघडत असतानाच फोनवर संदेश आला की माझी तक्रार निकाली काढण्यात आली असून या सेवेला मी पाचपैकी किती तारे देईन, हे कंपनीला जाणून घ्यायचे आहे. निकाल काय, तर आमच्या नोंदीनुसार पार्सल पोहोचलेले आहे, सबब परतावा देता येत नाही. पैसे त्यांच्याकडे, वस्तू कोणाकडे ते देवालाच ठाऊक, आणि तारे मात्र मी द्यायचे. दिवसभर हे डोक्यात घोळत राहिले, म्हणून रात्री लिहायला बसले आहे. मजकूर लांबेल. ज्यांना वेळ नसेल त्यांनी खुशाल पुढे जावे.

आधी हकिगत सांगते. आमच्या सासूबाईंचा रक्तदाब सध्या वरखाली होतो आहे. ऐरोलीतल्या आमच्या डॉक्टरांनी तो सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहून ठेवायला सांगितले, म्हणून दंडाला पट्टा बांधून मोजायचे डिजिटल यंत्र मी मागवले आणि दोन हजारांच्या आसपासची किंमत यूपीआयने आगाऊ भरली. पार्सल भिवंडीच्या गोदामातून निघाले, रबाळ्याच्या केंद्रावर आले, वाटपासाठी बाहेर पडले, असे सगळे फोन मला इमानेइतबारे सांगत राहिला आणि दुपारी ‘पोहोचले’ असा हिरवा शिक्का उमटला. सासूबाई त्या दिवशी घराबाहेर पडलेल्याच नव्हत्या. दाराची घंटा वाजली नाही, कोणाचा फोन आला नाही आणि सोसायटीच्या गेटवर वॉचमन जी नोंदवही ठेवतो तिच्यातही त्या कंपनीच्या माणसाची नोंद नाही.

तक्रार केल्यावर कंपनीने पुरावा म्हणून एक छायाचित्र पाठवले. त्यात एक तपकिरी दार आहे, उंबऱ्याशी लक्ष्मीच्या पावलांचे स्टिकर आहे, शेजारी चपलांचे कपाट आहे आणि त्यावर लहान मुलाचे निळे सँडल आहेत, त्यातला एक उलटा पडलेला. घराच्या क्रमांकाची पाटी अर्धी कापली गेली आहे, पण शेवटचा आकडा २ आहे हे स्पष्ट दिसते. आमच्या घराचा क्रमांक ४ ने संपतो, आमच्या दाराला बाहेरून लोखंडी जाळीचे दुसरे दार आहे आणि आमच्या घरात लहान मूल नाही. सासूबाईंनी चष्मा लावून तो फोटो पाहिला आणि म्हणाल्या, “अगं, हे आपलं दार नव्हे. यांच्याकडे पोरं आहेत.” पंचाहत्तरी उलटलेल्या बाईला जे एका नजरेत कळले, ते कंपनीच्या तक्रार विभागातल्या एकाही माणसाला आठवडाभर कळू नये, याला काय म्हणावे?

माझे म्हणणे एवढेच आहे की वस्तू पोहोचली असे जो म्हणतो, त्याने ते सिद्ध करावे. कोर्टकचेरीत हे तत्त्व फार जुने आहे. १८७२ चा पुरावा कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला, तरीही ते बदललेले नाही. एखादी गोष्ट घडली असे म्हणणाऱ्याने ती दाखवायची असते. पण ऑनलाइन खरेदीत हे सगळे उलटे झाले आहे. कंपनीचा मुलगा फोनवर एक बटण दाबतो आणि त्या क्षणापासून वस्तू मिळाली नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी माझ्यावर येऊन पडते. न घडलेल्या गोष्टीचा पुरावा मी कुठून आणू? न वाजलेल्या घंटेचे ध्वनिमुद्रण असते का? त्यांच्या चॅटवरच्या कोणीतरी मला ओळखपत्राची प्रत आणि ‘वस्तू मिळाली नाही’ असे स्वतःच्या सहीचे घोषणापत्र मागितले, आणि मी ते निमूटपणे दिले. ते दिल्यावर उत्तर आले की आमच्या नोंदीनुसार पार्सल पोहोचलेले आहे. म्हणजे माझी सही खोटी आणि त्यांचा हिरवा शिक्का खरा!

खोट्या तक्रारी करून फुकटात वस्तू लाटणारे लोक असतात, हे मला मान्य आहे. असतील. पण त्यांना पकडण्याचे काम कंपनीचे आहे, त्यासाठी माझ्यासारखीला चोराच्या रांगेत उभे करण्याचे कारण नाही. माझ्या मित्रयादीतल्या कोणाला दोन हजारांच्या यंत्रासाठी खोटे बोलायची गरज पडेल असे मला वाटत नाही, आणि तुम्हालाही माझ्याबद्दल तसे वाटणार नाही.

घरच्यांनी लगेच ऐकवले की वस्तू आल्यावरच रोख पैसे द्यायचे होते. ठीक आहे, तोही एक मार्ग आहे. पण देशभर डिजिटल व्यवहाराचा डांगोरा पिटायचा, आगाऊ पैसे भरणाऱ्याला पाच-पन्नास रुपयांची सवलत दाखवायची आणि वस्तू हरवली की ‘पैसे आधी भरायला कोणी सांगितले होते’ असे म्हणायचे, ही कोणत्या गावची रीत?

आता नवी मुंबईतल्या पत्त्यांविषयी. सिडकोने हे शहर आखताना प्रत्येक नोडमध्ये, म्हणजे ऐरोली-घणसोलीसारख्या प्रत्येक भागात, सेक्टरचे आकडे नव्याने सुरू केले, त्यामुळे सेक्टर ८ ऐरोलीत आहे, घणसोलीत आहे आणि कोपरखैरण्यातही आहे. त्यात सोसायट्यांची नावे साई, ओम आणि शिव यांच्या पलीकडे फारशी जात नाहीत. चूक होऊ शकते, हे मी समजू शकते. परंतु ऐरोलीचा पिनकोड ४००७०८ आहे आणि घणसोलीचा ४००७०१, आणि पिनकोड ही व्यवस्था या देशात १९७२ पासून आहे. टपाल खात्याचा पोस्टमन ज्या आकड्यांवर इतकी वर्षे पत्रे पोहोचवत आला, ते आकडे उपग्रहाच्या नकाशावर चालणाऱ्या कंपनीला वाचता येत नसतील, तर तिने निदान माझे पैसे तरी परत करावेत.

त्या मुलाविषयीही लिहायला हवे, कारण इथपर्यंत येईतो माझा राग थोडा दुसरीकडे वळला आहे. पार्सल आणणाऱ्याचा क्रमांक ऍपवर काही वेळ दिसत होता, तो मी टिपून ठेवला होता आणि संध्याकाळी लावला. मुलगा विशीतला असावा. मागे गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते. तो म्हणाला, “मॅडम, त्या बाजूला एका सोसायटीत दिलं होतं, आता नक्की आठवत नाही. माझ्या नावानं कंप्लेंट टाकू नका, पैसे माझ्याकडून कापतील.” मी काय बोलणार? ज्याला दिवसाकाठी ढीगभर पार्सले उन्हातान्हात, लिफ्ट बंद असलेल्या इमारतींतून वाटायची आहेत, त्याने एखादे दार चुकवले तर मला त्याचा राग येत नाही. माझ्या तक्रारीत मी त्याचे नाव घातले नाही आणि पुढेही घालणार नाही. फोटोतला दाराचा क्रमांक आणि माझ्या पत्त्यातला क्रमांक शेजारी शेजारी ठेवून पाहण्याचे काम त्याचे नव्हते. ते वातानुकूलित कार्यालयात बसून ‘आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत’ हे वाक्य चिकटवणाऱ्यांचे होते, आणि त्यांनी ते केले नाही.

नियम नाहीत असे नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ जुलै २०२० मध्ये लागू झाला आणि त्याच महिन्यात ई-कॉमर्सचे वेगळे नियम आले. त्या नियमांप्रमाणे प्रत्येक कंपनीने तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचे नाव व संपर्क ग्राहकाला दिसेल असा ठेवायचा आहे, तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यायची आहे आणि एका महिन्याच्या आत तक्रारीचे निवारण करायचे आहे. आमच्या या कंपनीने पोच तत्काळ दिली आणि निवारणही महिन्याच्या आतच केले. नियम पाळला गेला, यंत्र मात्र त्या निळ्या सँडलवाल्यांच्या घरी राहिले. निवारण म्हणजे कंपनीने उत्तर देऊन मोकळे होणे, असा अर्थ ज्याने लावला त्याच्या हुशारीला दाद द्यावीशी वाटते.

बँकेकडेही गेले. तिथल्या बाई सौजन्याने बोलल्या, पण पैसे तुम्ही स्वतः पिन टाकून पाठवलेत, त्यामुळे हा अनधिकृत व्यवहार धरता येत नाही, असे त्यांनी सांगितले, आणि नियमाने ते बरोबरच आहे. क्रेडिट कार्डाने पैसे भरले असते तर वस्तू न मिळाल्याच्या कारणावरून बँकेमार्फत वाद उपस्थित करता आला असता. यूपीआयमध्ये ती सोय तितकीशी हाताशी नाही. पण याच यूपीआयच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये परिपत्रक काढून ठेवले आहे की दुकानदाराला पैसे देताना खात्यातून रक्कम गेली आणि व्यवहार अर्धवट राहिला, तर पाच दिवसांत ती आपोआप परत आली पाहिजे, आणि नाही आली तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई ग्राहकाने न मागता त्याच्या खात्यात जमा झाली पाहिजे. हे वाचले तेव्हा मी खुर्चीत नीट सावरून बसले. पैसा वाटेत अडकला तर दिवसाला शंभर रुपये आणि वस्तू वाटेत हरवली तर तारे किती देणार एवढाच प्रश्न! जो धाक बँकांना घालता आला, तो या कंपन्यांना का घालता येत नाही? आगाऊ पैसे भरलेले पार्सल ठरल्या मुदतीत पोहोचल्याचे कंपनीला दाखवता आले नाही, तर रक्कम आपोआप परत, आणि उशीर झाला तर दिवसागणिक दंड, एवढा एक नियम पुरेसा आहे. महागड्या फोनसाठी दारात ओटीपी मागतात, मग दोन हजारांच्या यंत्रासाठी का नाही? दिवसभर नोकरीवर असणाऱ्यांना दर वेळी ओटीपी सांगणे गैरसोयीचे होईल, हे खरे आहे. होऊ दे. ज्यांना नको असेल त्यांनी तसे आधी कळवून ठेवावे.

नौपाड्याला माझ्या माहेरी ग्राहक पंचायतीचे वाटप यायचे. तुमच्यापैकीही अनेकांच्या घरी येत असेल. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ ची. महिन्याचे वाणसामान एकत्र यायचे आणि गटातल्या बायका कोणाच्या तरी दिवाणखान्यात बसून यादीवर खुणा करत पिशव्या लावायच्या. एकदा आईच्या पिशवीत तूरडाळ आलीच नव्हती. आईने तसे सांगितले, गटप्रमुख काकूंनी यादीवर लाल पेनाने गोल केला आणि पुढच्या महिन्यात पैसे वजा झाले. तुम्हाला डाळ मिळाली नाही हे सिद्ध करा, असे काकू म्हणाल्या नाहीत. गट लहान होता, सगळ्या एकमेकींना ओळखत होत्या, हे मला कळते. पण ओळख नाही म्हणून ग्राहकाच्या शब्दाची किंमत शून्य धरायची, हे मला कधीच पटणार नाही.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मी तक्रार नोंदवली आहे. ती कंपनीकडे पाठपुरावा करते, पण आदेश देण्याचा अधिकार तिला नाही, म्हणून पुढची पायरी ग्राहक आयोगाची आहे. २०१९ च्या कायद्याने एक चांगली गोष्ट केली की ग्राहक जिथे राहतो तिथल्याच जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. कंपनीचे मुख्यालय बंगळुरूला असो की गुरुग्रामला, तिने ठाणे जिल्ह्यात यायचे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असेही नाही, मुदत दोन वर्षांची आहे आणि जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या तक्रार दाखल करता येते. दोन हजारांसाठी एवढा खटाटोप कशाला, असे आमच्या घरातही विचारून झाले आहे. खटाटोप करणारी माणसे थोडी असतात, हे कंपनीला पक्के माहीत आहे, म्हणूनच तो हिरवा शिक्का इतक्या सहज उमटतो. कंपनीने मध्येच दोनशे रुपयांचे कूपनही देऊ केले होते, तेही तीस दिवसांत त्यांच्याच ऍपवर वापरायचे. मी ते नाकारले.

तक्रारीत मी ऍपची कंपनी आणि विक्रेता या दोघांनाही सामनेवाले करणार आहे, म्हणजे एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवण्याची सोय राहणार नाही. देयकाची प्रत, यूपीआयची नोंद, चॅटचे स्क्रीनशॉट, गेटवरच्या नोंदवहीच्या त्या दिवसाच्या पानाचा फोटो, आमच्या दाराचा फोटो आणि त्या परक्या दाराचा फोटो, असे सगळे जोडते आहे. सोसायटीच्या सचिवांनी नोंदवहीबद्दल पत्र द्यायचे कबूल केले आहे. आपल्यापैकी कोणी ई-जागृतीवर स्वतः तक्रार दाखल केली असेल, तर स्क्रीनशॉटसोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र लगेच जोडावे लागते की आयोगाने मागितल्यावर, आणि ठाणे जिल्ह्याची सुनावणी व्हिडिओवरून मिळते का, हे कृपया कळवावे. शनिवारी मला सुट्टी आहे, त्या दिवशी मी तक्रार दाखल करणार आहे.