खुलासा : मालमत्तेचा हक्क संपलेला नाही

‘मालमत्ता आता मूलभूत हक्क नाही, त्यामुळे सरकार कुणाचीही जमीन मोबदला न देता घेऊ शकते,’ असा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. त्यातला पहिला भाग खरा, दुसरा साफ खोटा.

१९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने हा हक्क मूलभूत हक्कांतून काढला, पण त्याच दुरुस्तीने कलम ३००-अ आणले : कायद्याच्या अधिकाराशिवाय कुणाचीही मालमत्ता काढून घेता येत नाही. या हक्कासाठी कलम ३२ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येत नाही, एवढा फरक पडला. कलम २२६ खाली उच्च न्यायालयात दाद मागता येतेच.

हिमाचल प्रदेशातील एका निरक्षर विधवेची जमीन १९६७-६८ मध्ये रस्त्यासाठी गेली. ना रीतसर संपादन, ना पैसा. ‘इतकी वर्षे ताबा आमचाच’ हा सरकारचा बचाव सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये फेटाळला आणि मोबदला द्यायला लावला.

असले मजकूर वाचून शेतकरी आधीच हातपाय गाळून बसतात, याची खरी काळजी वाटते. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली प्राथमिक अधिसूचनेपासून ६० दिवसांत हरकत घेता येते. राष्ट्रीय महामार्गासाठी मात्र मुदत २१ दिवसांचीच असते. हरकत लेखी द्या, पोच घ्या.