भक्कम भिंत आणि त्सुनामीचा रेटा: एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमचा आक्षेप असा आहे: पाच मीटरच्या लाटा वादळातही येतात आणि चांगली बांधलेली घरं टिकतात, मग त्सुनामीत घराच्या तळमजल्याच्या भिंती फुटू देण्याचा सल्ला उफराटा नाही का? त्या काँक्रीटच्याच का करू नयेत?

उंचीवरून केलेली तुलना इथे फसवते. वादळी लाट दहा-पंधरा सेकंदांत आपटून मागे सरते. त्सुनामीच्या दोन शिखरांमध्ये 10 मिनिटांपासून तासाभरापर्यंत वेळ जातो, त्यामुळे पाणी कितीतरी मिनिटं आत येतच राहतं.

आता तुमची काँक्रीटची भिंत घेऊ. रुंदी 5 मीटर, पाणी 3 मीटर खोल, वेग सेकंदाला 6 मीटर. तिच्यावर साधारण 55 टनांचा रेटा येतो. वेग दीडपट झाला तर हाच रेटा सव्वादोनपट होतो. विटांची भिंत त्याआधीच फुटते, पाणी आरपार जातं आणि खांबांना बहुतांशी आपल्या रुंदीपुरताच भार झेलावा लागतो. काँक्रीटची भिंत टिकली, तर सगळे 55 टन खांबांवर आणि तिथून पायावर जातात.

याहून मोठा धोका खालून येतो. 100 चौरस मीटरची दुमजली इमारत साधारण 250 टनांची धरा. तुम्ही पाणी आत येऊच दिलं नाही आणि पायाखालची माती पाण्याने भरली, तर 3 मीटर पाणी तिला 300 टनांनी वर उचलतं. पाणी आत शिरलं तरी खिडक्यांच्या वर, स्लॅबखाली 60 सेंटिमीटर हवा अडकली की 60 टनांची उचल उरतेच. 2011 च्या त्सुनामीत जपानच्या ओनागावा या गावात काँक्रीटच्या इमारती पाइलसकट, म्हणजे जमिनीत खोल रोवलेल्या पायाच्या खांबांसकट, उलटल्या. तिथली आडवी झालेली दुमजली पोलिस चौकी तशीच जतन केली आहे.

पण एक खरं, सगळ्याच भिंती काढून चालणार नाही. आधी भूकंपाचा हादरा बसू शकतो, आणि नुसत्या खांबांवर उभा तळमजला त्यातच कोसळू शकतो. म्हणून कातरभिंती, म्हणजे भूकंपाचा आडवा रेटा झेलणाऱ्या भक्कम भिंती, हव्यातच, मात्र शक्यतो प्रवाहाला समांतर. शिवाय ओंडके, गाड्या, छपरं खांबांमध्ये अडकून नवीच भिंत तयार होते. अमेरिकेतल्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेच्या एएससीई 7-16 या मानकात त्यासाठीच बंदिस्त इमारतीचा पाण्यात बुडालेला किमान 70 टक्के दर्शनी भाग अडलेला धरून हिशोब करतात. परतीचं पाणी कोपऱ्यांजवळची माती खरवडून नेतं, तेव्हा पाया त्या खड्ड्याच्या तळाखाली पोहोचलेला हवा.