‘मिलिटरीची सेम टू सेम कॉपी’: त्या मेसेजमधला एकेक दावा

तुरीला शेंगा धरल्या की यवतमाळ-वर्ध्याकडच्या शेतकरी ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. मजकूर साधारण असा: “भाऊ, डुकरा-रोह्यायनं वावर खाल्लं तर नव्या रायफलीवर पैसे कायले घालता? मिलिटरीच्या .३०३ ची सेम टू सेम कॉपी घ्या. मिलिटरी नमुना म्हंजे मजबूतच. नळी चमकली, जुने शिक्के दिसले, का डोये झाकून घ्या. .३०३ चं काडतूस .३१५ मधी चालते. अन् जुनी असली तं लायसनची भानगड नाही.” खाली मुकुटाचा शिक्का असलेल्या एका रायफलीचा फोटो. (रोही म्हणजे नीलगाय; .३०३, .३१५ हे रायफलीचे बोअर, म्हणजे नळीच्या भोकाची इंचातली मापं.)

माझी नोकरी फौजेत शस्त्रं दुरुस्त करण्यात गेली, त्यामुळे हा मेसेज आला की लोक मलाच विचारतात. यातला एकही दावा जसाच्या तसा टिकत नाही. दोन तर थेट तुरुंगात नेणारे आहेत, म्हणून आधी ते.

“.३०३ चं काडतूस .३१५ मध्ये चालते.” नाही चालत. दोन्ही रायफलींचा साचा ली-एन्फिल्डचाच, म्हणजे इंग्रजी फौजेच्या जुन्या रायफलीचाच, असल्याने बाहेरून त्या बहिणी वाटतात, पण काडतुसं वेगळी आहेत. .३०३ चं कवच ५६ मिलिमीटर लांब, .३१५ चं ५०. गोळीची जाडीही वेगळी, .३१५ ची जास्त. मुळात .३१५ जन्माला आली तीच इंग्रजांनी फौजी बोअर सामान्य माणसाला बंद केल्यामुळे, म्हणजे फौजेची गोळी तिच्यात बसू नये याच हेतूने. मेसेज लिहिणाऱ्याने आणखी एक विचार केलेला दिसत नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार .३०३ आणि ७.६२ मिमी बोअरच्या रायफली प्रतिबंधित आहेत, आणि फौजी .३०३ काडतूस ज्यात बसतं व उडतं अशी कुठलीही रायफल त्याच यादीत येते. म्हणजे त्याचा दावा खरा धरला, तर तो विकतोय ती ‘.३१५’ सुद्धा प्रतिबंधित ठरते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर असं शस्त्र बाळगण्याची शिक्षा ७ वर्षांपासून १४ वर्षांपर्यंत आहे. डुकरांनी खाल्लेली तूर त्यापुढे स्वस्त.

“जुनी असली तर लायसन लागत नाही.” १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या ४५ व्या कलमात जुन्यापुराण्या शस्त्रांना सूट आहे हे खरं. पण अट अशी की ते शस्त्र आहे त्या स्थितीत किंवा दुरुस्त करूनही चालता कामा नये. ठासणीची बंदूक, आपल्याकडची भरमार, आजोबांच्या काळची असली तरी बार उडत असेल तर लायसन लागतंच. पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना याच कायद्यात, १३ व्या कलमात, वेगळा सांगितलेला आहे. तो सरळ रस्ता सोडून माणसं वळणावळणाने का जातात कळत नाही.

आता वस्तूकडे वळू. कायद्याच्या चौकटीत घेण्याजोगी ‘फौजी नमुन्याची’ रायफल म्हणजे .३१५: इशापूरसारख्या सरकारी कारखान्यातली, किंवा जुन्या मालगुजार घराण्यांत कपाटात पडून असलेली बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीची. परवानाधारक दुकानातून किंवा परवानाधारक माणसाकडून ती रीतसर घेता येते. प्रश्न असतो ती निवडायची कशी.

“मिलिटरी नमुना म्हणजे मजबूत.” नमुना म्हणजे आकार. मजबुती पोलादात आणि त्याला दिलेल्या उष्णतेच्या प्रक्रियेत असते, आणि ती आकारात दिसत नाही. याच ली-एन्फिल्डच्या दोन नकला घ्या. इशापूरने १९६० च्या दशकात हा साचा ७.६२ च्या जास्त दाबाच्या काडतुसासाठी बनवला तेव्हा पोलादही सुधारून घेतलं. ती नक्कल असूनही भरवशाची होती. पेशावरजवळच्या दर्रा आदम खेलमध्ये हीच रायफल पिढ्यान् पिढ्या हाताने, भंगारातल्या पोलादातूनही, घडवली जाते. फोटोत दोन्ही सारख्याच देखण्या. बार टाकल्यावर एकीचा बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा) जागेवर राहतो, दुसरीचा राहीलच असं छातीठोक सांगता येत नाही.

“नळी चमकली की झालं.” हा सगळ्यात पसरलेला समज, म्हणून जरा थांबून सांगतो. विकणारा नळीत तेल घालून ठेवतो, आणि तेल गंजाचे खड्डे झाकतं. आधी रायफल रिकामी असल्याची स्वतः खात्री करा: मॅगझीन काढा, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेत, बोट घालून बघा. मग बोल्ट बाहेर काढा, सुकं फडकं नळीतून दोनतीनदा ओढा, तोंडाशी पांढरा कागद धरा आणि मागच्या बाजूने बघा. नळीच्या आतल्या पिळाच्या खाचांच्या कडा धारदार दिसल्या पाहिजेत. मध्येच काळसर कडं दिसलं तर तिथे नळी फुगलेली आहे. कधीतरी अडकलेल्या गोळीवर दुसरी झाडली गेली असणार. अशी रायफल फुकट दिली तरी नको.

याउलट थोडी काळवंडलेली, खाचा शाबूत असलेली नळी बऱ्याचदा उत्तम मारते. जुन्या काडतुसांच्या टोपीत, म्हणजे बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या भागात, क्लोरेट असायचं. त्याचं मीठ नळीत उरतं, पावसाळ्याची हवा ओढून घेतं आणि गंज धरतो. नुसत्या तेलाने ते निघत नाही, गरम पाण्याने धुवावं लागतं. फौजेत ते करून घ्यायचे, घरी कोण करतं?

खरी झीज नळीच्या तोंडाशी होते. साफ करायचा गज वर्षानुवर्षं तिरपा घालून तिथलं भोक अंडाकृती होतं. तोंडाची कड सगळीकडून सारखी आहे का ते भिंगाने बघा. एका बाजूला खरचटलेली असेल तर गोळी त्याच बाजूचा राग काढणार.

मेसेजमध्ये ज्याचा उल्लेखच नाही तो मुद्दा सगळ्यांत मोठा: बोल्टचं तोंड आणि नळीचा मागचा काठ यांत काडतुसाच्या कडेसाठी राहणारी जागा, म्हणजे हेडस्पेस. फौजी .३०३ मध्ये ती इंचाच्या हजाराव्या भागात ६४ ते ७४ एवढीच चालते. .३१५ चं गेज, म्हणजे ती जागा मोजायचं माप, निराळं. जागा वाढली की कवच ताणलं जातं आणि बुडाशी तुटतं. ली-एन्फिल्डचा बोल्ट मागच्या बाजूला अडकतो, त्यामुळे हा साचा आधीच किंचित लवतो. तपासणी परवानाधारक कारागिराने गेजनेच करायची. पण त्याच रायफलीतून उडालेलं कवच मिळालं तर बुडाजवळ चकाकणारी रेघ शोधा, वाकवलेल्या बारीक तारेने आतून खाच लागते का बघा. लागली तर पुढची बोलणी नको.

लाकूड आणि घोडा थोडक्यात. आपल्याकडे वैशाखात पारा ४५ च्या वर जातो, लाकूड आटतं आणि पावसाळ्यात फुगतं. दस्त्याच्या आत पोलाद जिथे टेकतं तिथे सैल झालं की नेम रोज वेगळा. रिकाम्या रायफलीचा सेफ्टी लावून घोडा ओढा, सोडा, मग सेफ्टी काढा. तेवढ्याने टोपीवर आदळणारी पिन सुटली तर रायफल धोक्याची.

“जुने शिक्के म्हणजे अस्सल.” फोटोतल्या रायफलीवर मुकुटाखाली व्हिक्टोरियाची अक्षरं आहेत, आणि साचा ली-एन्फिल्डच्या ‘मार्क थ्री’ या नमुन्याचा. राणी १९०१ च्या जानेवारीत वारली, मार्क थ्री आली १९०७ मध्ये. शिक्का मारणाऱ्याला कुणी सांगितलंच नाही! दर्राच्या मालावर उलटी ‘एन’ आणि ‘एन्फिल्ड’चं चुकीचं स्पेलिंगही सापडतं. इशापूरच्या मालावर १९५५ साल आणि इंग्रजी मुकुट एकत्र दिसले तरी तेच समजा, कारण स्वातंत्र्यानंतर तिथे अशोकस्तंभाचे सिंह आले. अक्षरांच्या कडा बघा: कारखान्याचा ठसा एकसारखा खोल असतो, छिन्नीचा खालीवर होतो.

हाच मेसेज पुढे पाठवताना कुणी एक शेपूट जोडलंय, “भंडारा-चांदा फॅक्टरीतून रिजेक्ट रायफली निघतात.” भंडारा आणि भद्रावतीचे (‘चांदा फॅक्टरी’ ती हीच) कारखाने स्फोटकं आणि दारूगोळ्याचे, पुलगावचा डेपो दारूगोळ्याचा. तिथे रायफली बनतच नाहीत, तर रिजेक्ट कुठून निघणार?

सौदा ठरला तरी पैसे देण्याआधी रायफलीवरचा नंबर विकणाऱ्याच्या परवान्यातल्या नंबराशी आकडा-आकडा ताडून बघा. बोल्टवरचा वेगळा असेल तर बोल्ट बदललेला आहे, म्हणजे हेडस्पेस पुन्हा तपासायची. बॉडीवरचा घासून नव्याने मारलेला दिसला तर तिथूनच परत फिरा. आणि हे सगळं जमलं, रायफल घरी आली, तरी डुकरावर किंवा रोह्यावर ती चालवण्याची मुभा शस्त्र परवाना देत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली वन खात्याची लेखी परवानगी वेगळी काढावी लागते, आणि पीक नुकसानीच्या भरपाईचा अर्जही त्याच कार्यालयात जातो.